हात वर जाईल ना?

पनवेलमध्ये हाडं का मोडतात, हे कळायला नकाशा पुरतो. जुना मुंबई-पुणे रस्ता गावाला खेटून जातो. पळस्प्याच्या फाट्याला गोव्याकडे जाणारा ६६ क्रमांकाचा महामार्ग फुटतो. २००२ साली पूर्ण झालेला साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग कळंबोलीला येऊन संपतो. न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर ट्रेलर रात्रंदिवस याच जाळ्यातून ये-जा करतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून दुचाक्या निघतात. पावसाळ्यात खड्डे आणि डांबरावर सांडलेलं डिझेल, गणपतीत कोकणाकडे निघालेली गर्दी, आणि अलीकडे विमानतळामुळे उलवे-करंजाडेकडे उठलेल्या इमारतींचे परांचे. या सगळ्यांत पडून मोडणारा खांदा बहुधा पंचविशी-तिशीतल्या माणसाचा असतो. तो वेगात आपटलेला असतो आणि त्याच्या बरगड्यांना किंवा डोक्यालाही मार असतो.

पण दंडाच्या हाडाचं वरचं टोक मोडून घेणाऱ्यांत जगभर मोठी संख्या या तरुणाची नाही. ती साठी ओलांडलेल्या बायकांची आहे. त्या रस्त्यावर पडत नाहीत. ओल्या न्हाणीघरात, देवघराच्या उंबऱ्यात किंवा रात्री लघवीला उठताना अंधारात पडतात. १८५२ साली नगरपालिका झालेल्या या जुन्या गावात अशा आज्या पूर्वीही होत्या. आता त्यांत सिडकोच्या वसाहतींची भर पडली आहे. नवीन पनवेलात ज्या जोडप्यांनी तिशीत घरं घेतली ती आता सत्तरीत आहेत, आणि त्यांतल्या कित्येक इमारतींना लिफ्ट नाही.

एकाच हाडाचे हे दोन रुग्ण एकाच बाकावर शेजारीशेजारी बसलेले दिसतात. दोघांनीही मोडका हात चांगल्या हातानं कोपरापाशी धरून ठेवलेला असतो, कारण खांदा मोडलेला माणूस दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं बसूच शकत नाही. आणि डॉक्टरांना विचारायचा दोघांचाही प्रश्न एकच असतो: हात वर जाईल ना? उत्तर मात्र दोघांसाठी एक नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नावर जगभर जेवढा वाद झाला तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या फ्रॅक्चरवर झाला असेल. त्या वादाच्या मधोमध आहे बोटभर रुंदीची धातूची पट्टी, जिला आपण सगळे नुसतं ‘प्लेट’ म्हणतो.

दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोल आहे. तो फऱ्याच्या हाडाच्या उथळ वाटीवर टेकतो. वाटी उथळ असल्यामुळेच हात चहूबाजूंनी फिरतो, आणि म्हणूनच खांदा मुख्यतः स्नायूंच्या भरवशावर जागी राहतो. गोलाच्या शेजारी दोन उंचवटे आहेत, एक मोठा आणि एक लहान. रोटेटर कफचे चार स्नायू तिथे येऊन धरतात. खाली हाडाची दांडी. गोल, दोन उंचवटे आणि दांडी हे चार तुकडे. हे हाड फुटतं तेव्हा साधारण याच चार तुकड्यांच्या सीमांवर फुटतं, कारण लहानपणी ही हाडं वेगवेगळी वाढून नंतर सांधलेली असतात. हे बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जननं १९३४ च्या आपल्या खांद्यावरच्या ग्रंथात मांडलं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी १९७० मध्ये त्यावर वर्गीकरण बांधलं. तुकडा एक सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त वळला, तरच तो ‘सुटा’ मोजायचा. पनवेलच्या कुठल्याही हाडांच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडावर धरून ‘थ्री पार्ट आहे’ असं म्हटलं, की ती भाषा नीर यांची असते.

कॉडमनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाला वर्षभरानं पुन्हा तपासावं, निकाल लिहावा आणि चुकाही उघड कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. बॉस्टनच्या बड्या रुग्णालयात तो कुणाला रुचला नाही. मग त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९११ ते १९१६ या काळात घरी सोडलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापला. त्यात स्वतःच्या १२३ चुका नोंदवल्या. आज आपल्याकडच्या चकचकीत रुग्णालयांच्या जाहिरातींत असा एक आकडा सापडला तर मला कळवा.

मोडल्यानंतरचे पहिले काही दिवस घरच्यांना घाबरवणारे असतात. पहिल्या दिवशी खांदा फक्त सुजलेला दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त उतरतं आणि दंड कोपरापर्यंत काळानिळा होतो, कधी छातीची बाजूही. ‘काहीतरी सडतंय’ म्हणून माणसं रात्री धावत येतात. बहुतेक वेळा ते फक्त साकळलेलं रक्त असतं. डॉक्टर मात्र वेगळंच बघतात. मनगटाची नाडी लागते का, बोटं हलतात का, आणि दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर बोट फिरवलं तर कळतं का. तिथली संवेदना गेली असेल तर खांद्याला वळसा घालून जाणाऱ्या ॲक्सिलरी नसेला मार बसलेला असतो. याच नसेवर डेल्टॉइड, म्हणजे खांद्याचा गोल स्नायू चालतो.

काही रुग्ण मात्र पहिल्या दिवशी येतच नाहीत. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवरून, कर्नाळ्याच्या पलीकडच्या गावांतून येणारे अनेक जण आधी हाडवैद्याकडे जाऊन आलेले असतात. त्याची टिंगल करणं सोपं आहे. पण सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे १२ आणि सांधा निखळण्याचे ६ प्रकार दिले आहेत. ओढणं, दाबणं, जुळवणं आणि बांधणं असा उपचाराचा क्रम आहे, आणि कामट्यांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली सुचवल्या आहेत. ज्या गावात १८७२ पासून धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे तिथे लाक्षादि गुग्गुळ आणि कांडवेल ही नावं कुणाला नवी नाहीत. तुकडे फारसे सरकलेले नसतील तर बांधून ठेवलेलं हे हाड जुळतंच, आणि श्रेय बांधणाऱ्याला मिळतं. अडचण येते ती चोळण्याची. मोडक्या खांद्यावर तेल लावून जोर दिला की सरकायचे नसलेले तुकडेही सरकतात. आणि तीन-चार आठवडे वाट पाहून मग रुग्णालय गाठलं तर वेड्यावाकड्या स्थितीतच नवं हाड धरू लागलेलं असतं. ते फोडून पुन्हा जुळवणं सर्जनला नकोसं वाटतं, आणि त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही.

धातूची पट्टी हाडाला स्क्रूनं बसवायची कल्पना जुनी आहे. हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांनी १८८६ मध्येच ती छापून प्रसिद्ध केली होती. पण आधुनिक फ्रॅक्चर शस्त्रक्रियेला शिस्त आली ती १९५८ नंतर. त्या वर्षी मॉरिस म्युलर आणि त्यांच्या स्विस सोबत्यांनी ‘एओ’ हा गट स्थापला आणि हाड कसं जोडायचं हे प्रयोगशाळेत तपासायला, अवजारं प्रमाणित करायला आणि कार्यशाळा घेऊन शिकवायला सुरुवात केली. ती विद्या महाराष्ट्रातल्या सर्जनांच्या पिढ्यांपर्यंत पोचली त्यात मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णींचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांनी संपादित केलेला अस्थिरोग आणि अपघातशल्याचा जाडजूड ग्रंथ देशभरच्या निवासी डॉक्टरांच्या टेबलावर असतो. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशींनी तर बाहेरून तारा आणि सळ्यांनी हाड धरून ठेवणारी ‘जेस’ ही स्वस्त देशी पद्धत दिली. ती हातापायांच्या लहान हाडांसाठी प्रसिद्ध असली, तरी दंडाच्या वरच्या टोकासाठीही आपल्याकडे वापरली गेली आहे.

साध्या प्लेटचं खांद्यापाशी मात्र फारसं जमत नव्हतं. जुनी प्लेट स्क्रूनं हाडावर आवळली जायची आणि घर्षणावर टिकायची. म्हातारपणी या गोलाच्या आतलं हाड विरळ होतं, जवळजवळ पोकळ. पोपडे धरलेल्या जुन्या भिंतीत खिळा ठोकावा तसा स्क्रू सैल व्हायचा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लॉकिंग प्लेट आली आणि गणित बदललं. यात स्क्रूच्या डोक्यालाच आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत घट्ट बसतात. स्क्रू आणि प्लेट मिळून एकच सांगाडा होतो, आणि हाडाची पकड कमी पडली तरी कोन ढळत नाही. या हाडासाठी खास घडवलेली ‘फिलॉस’ प्लेट इतकी रुळली की आज कुठल्याही कंपनीची प्लेट असो, थिएटरात तिला ‘फिलॉस’च म्हणतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात जे पोलाद टनांनी विकलं जातं, त्याच्याच दूरच्या नात्यातलं ३१६एल जातीचं स्टेनलेस स्टील इथे ग्रॅममध्ये येतं. टायटॅनियम त्याचा महागडा भाऊ.

लहान-मध्यम रुग्णालयांत हा सेट कपाटात असतोच असं नाही. शस्त्रक्रिया ठरली की वितरकाला फोन जातो. आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी स्टीलची जड पेटी येते. आत तीन भोकांची, पाच भोकांची, त्याहून लांब, डाव्या-उजव्या प्लेटी, मापानुसार ओळीनं लावलेले स्क्रू, ड्रिल, तारा, खोली मोजायची पट्टी. पेटी ऑटोक्लेव्हमध्ये जाते. जेवढे स्क्रू वापरले तेवढ्यांचं बिल होतं, उरलेली पेटी पुढच्या गावाला.

टेबलावर रुग्णाला अर्धवट बसवतात किंवा सपाट झोपवतात. कुठल्याही पद्धतीत सी-आर्म, म्हणजे चालता-फिरता एक्स-रे, खांद्याभोवती मोकळा फिरला पाहिजे. काही ठिकाणी चुकीचं टेबल निवडल्यामुळे अर्धा तास त्यातच जातो. भुलेबरोबर मानेच्या बाजूला ब्लॉक दिला तर हात रात्रीपर्यंत बधिर राहतो आणि पहिली रात्र सुसह्य होते. सर्वांत रुळलेली वाट पुढून आहे. डेल्टॉइड आणि छातीचा मोठा स्नायू यांच्या मधल्या फटीतून जायचं. त्या फटीत सेफॅलिक नावाची शीर असते, निळसर, पेन्सिलीएवढी. ती सांभाळून बाजूला करायची. दुसरी वाट बाजूनं डेल्टॉइड फाकवून जाते, पण खांद्याच्या टोकापासून पाच-सात सेंटिमीटर खाली ॲक्सिलरी नस आडवी गेलेली असते, म्हणून तिथे हात जपून चालवावा लागतो.

आत गेल्यावर बघणाऱ्याला वाटतं, आता तुकडे जुळवतील. सर्जन आधी दोरे ओवतात. रोटेटर कफच्या कंडरांतून जाड न विरघळणारे दोरे घेतात, मोठ्या उंचवट्याला एक, लहान उंचवट्याला एक, मागे एक. विरळ हाडाला चिमटा लावला की ते चुरतं, कंडरा चुरत नाही. म्हणून हाड ओढायचं ते कंडरेच्या आधारानं. दोरे ताणत, गोल उचलत, तुकडे जागी आणत तारांनी तात्पुरतं धरायचं. गोल आतल्या बाजूला कलंडलेला असतो. तो नीट उभा राहिला की नाही यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

मग प्लेट. तिची जागा मिलिमीटरांत मोजलेली आहे. बायसेप्सच्या कंडरेच्या खाचेपासून दोन ते चार मिलिमीटर बाहेर, मोठ्या उंचवट्याच्या टोकापासून पाच ते आठ मिलिमीटर खाली. वर बसली तर हात उचलताना ती खांद्याच्या छपराला आदळेल आणि जन्मभर टोचत राहील. पहिला साधा स्क्रू दांडीवरच्या लांबट भोकात घालतात, म्हणजे प्लेट थोडी वरखाली सरकवता येते. जागा नक्की झाली की वरच्या भागात लॉकिंग स्क्रू, प्रत्येक वेगळ्या दिशेनं. ड्रिल गोलाच्या पलीकडे जाता कामा नये. विरळ हाडात ड्रिलला अडथळाच लागत नाही, ते लोण्यात गेल्यासारखं जातं, आणि स्क्रू सांध्यात घुसल्याचं हाताला कळत नाही. म्हणून स्क्रूचं टोक गोलाच्या पृष्ठभागापासून पाच ते आठ मिलिमीटर अलीकडे ठेवायचं आणि हात सगळ्या बाजूंना फिरवत सी-आर्मवर पुन्हा पुन्हा खात्री करायची. शेवटी ओवलेले दोरे प्लेटच्या कडेच्या बारीक भोकांतून बांधायचे.

प्लेट बाहेरच्या बाजूला बसते, पण तिचं आयुष्य ठरतं आतल्या बाजूला. काखेकडच्या अंगाला हाडाचा एक मजबूत कोपरा आहे. त्याला कॅल्कर म्हणतात. तो चुरलेला असेल आणि त्याला आधार दिला नसेल तर गोल हळूहळू आत कलंडतो. लॉकिंग स्क्रू हलायला तयार नसतात, मग गोल त्यांच्यावर बसत जातो आणि टोकं सांध्यात बाहेर येतात. जी गोष्ट प्लेटची ताकद म्हणून विकली गेली तीच इथे उलटते. न्यूयॉर्कमधल्या मायकेल गार्डनर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आतल्या आधाराचं हे महत्त्व दाखवलं, तेव्हापासून खालून वर तिरके जाणारे दोन ‘कॅल्कर स्क्रू’ चुकवू नयेत असं शिकवलं जातं. दुसरा धोका रक्तपुरवठ्याचा. गोलाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोडण्याच्या जागेजवळूनच वर चढतात. स्वित्झर्लंडमधल्या राल्फ हर्टेल यांनी २००४ मध्ये दाखवलं की गोलाला आतल्या बाजूनं चिकटून राहिलेला हाडाचा भाग आठ मिलिमीटरपेक्षा कमी असेल किंवा आतली बिजागरी सुटली असेल, तर गोलाचं रक्त तुटल्याची शक्यता खूप वाढते. पुढे त्यांच्याच गटानं पाहिलं की रक्त तुटलेला प्रत्येक गोल मरतोच असं नाही. त्यामुळे तरुण रुग्णात सर्जन धोका पत्करतात.

या प्लेटबद्दल सुरुवातीला जो उत्साह होता त्यावर २००९ मध्ये पाणी पडलं. युरोपातल्या अनेक केंद्रांचा एक अभ्यास नॉर्बर्ट झ्यूडकाम्प यांनी प्रसिद्ध केला. वर्षभर पाठपुरावा झालेल्या १५५ रुग्णांपैकी ३४ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली होती. २१ जणांच्या सांध्यात शस्त्रक्रियेच्या वेळीच स्क्रू घुसला होता. गुंतागुंतींपैकी सुमारे ४० टक्के तंत्रातल्या चुकांमुळे होत्या. कॉडमन असते तर त्यांना हा पेपर आवडला असता.

खरा तडाखा २०१५ चा. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत अमर रंगन यांच्या नेतृत्वाखाली ‘प्रोफर’ नावाची चाचणी झाली. सरकलेलं फ्रॅक्चर असलेले २५० रुग्ण, सरासरी वय ६६, तीन-चतुर्थांशाहून अधिक बायका. निम्म्यांना चिठ्ठी काढल्यासारखं शस्त्रक्रियेच्या गटात, निम्म्यांना झोळी आणि व्यायामाच्या गटात टाकलं. दोन वर्षांतले खांद्याचे सरासरी गुण, ४८ पैकी: शस्त्रक्रिया ३९.०७, झोळी ३८.३२. म्हणजे फरक नाहीच. पुढे पाच वर्षांनीही चित्र बदललं नाही. आजीच्या मोडक्या खांद्यावर दीड तास खपून एक्स-रे आरशासारखा करणाऱ्या सर्जनांना हे पचवणं जड गेलं आणि अजूनही जातं. त्यांचा आक्षेप असा: ज्या रुग्णांना शस्त्रक्रिया हवीच असं सर्जनला स्पष्ट दिसत होतं ते चाचणीत आलेच नाहीत, आणि फ्रॅक्चरबरोबर सांधा निखळलेले तर मुळातच वगळले होते. आक्षेप खोटा नाही. पण त्यामुळे ज्या मधल्या, शंकास्पद केसेस आहेत त्यांच्याबद्दलचा निष्कर्ष ढळत नाही, आणि पनवेलच्या बाकावर बसलेल्या बहुतेक आज्या याच मधल्या गटात मोडतात. माझं मत विचाराल तर पंचाहत्तरीच्या, घरात वावरणाऱ्या बाईला फक्त एक्स-रे वाकडा दिसतो म्हणून प्लेट टाकायची घाई करणं योग्य नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको सांगितलं तेव्हा मुलगा चिडला होता. पैशांची तयारी आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणतात! दोन जागी मत घेऊन झालं, दोन्हीकडे उत्तर तेच. झोळी, पहिले तीन आठवडे आरामखुर्चीत उशांवर रेलून झोप, मग व्यायाम. आज त्यांचा एक्स-रे बघितला तर कुणालाही वाईट वाटेल. त्या मात्र स्वयंपाकघरातल्या मधल्या फळीवरचा डबा स्वतः काढतात. वरच्या फळीवरचा नातीकडून काढून घेतात, आणि ते त्या मोडण्याआधीही करत होत्याच.

गुण मोजायच्या पद्धतीचीही एक गंमत आहे. ब्रिटनच्या चाचणीत वापरलेल्या ऑक्सफर्ड प्रश्नावलीत बारा प्रश्न आहेत. सुरी-काट्यानं जेवता येतं का, ट्रे घेऊन खोलीपलीकडे जाता येतं का, कपडे कपाटात टांगता येतात का, केस विंचरता येतात का. पनवेलच्या बाईचा हात वेगळ्याच परीक्षांना बसतो. वेणी घालून आंबाडा बांधणं, ब्लाउजचा हात मागून काढणं, छताच्या दांडीवर काठीनं साडी वाळत टाकणं, पोळ्या लाटणं. डावा खांदा मोडला तर शौचाची अडचण होते, आणि ही गोष्ट कुठलीच आजी डॉक्टरांपुढे आपणहून बोलत नाही. विचारावी लागते. गुण चाळीस आले की बेचाळीस, यापेक्षा यातलं काय जमतं आणि काय नाही, हे डॉक्टरनं लिहून ठेवलं तर पुढच्या रुग्णाला सांगायला उपयोगी पडेल.

तरुणाचं सगळंच वेगळं. महामार्गावर पडलेल्या तिशीतल्या चालकाचा गोल सरकला असेल, उंचवटा वर खेचला गेला असेल किंवा सांधाच निखळला असेल, तर तिथे झोळीवर विसंबून चालत नाही. त्याचं हाड भरीव असतं, स्क्रू पकड घेतात, आणि त्याला पुढची तीस वर्षं स्टिअरिंग फिरवायचं असतं. तिथे प्लेट हीच सरळ वाट आहे, आणि ती जितकी लवकर, म्हणजे पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत, तितकी सोपी. चार तुकडे होऊन चुरा झालेल्या वृद्धांसाठी आता तिसरी वाट आहे, रिव्हर्स खांदा. फ्रान्समधल्या दिजाँचे पॉल ग्रामों यांनी १९८५ च्या सुमारास सांध्याची मांडणीच उलटी केली. गोल वाटीच्या जागी आणि वाटी गोलाच्या जागी. त्यामुळे रोटेटर कफ निकामी असला तरी डेल्टॉइड एकटा हात उचलू शकतो. नॉर्वेत ६५ ते ८५ वयाच्या १२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनी १०० पैकी गुण आले रिव्हर्सचे ६८ आणि प्लेटचे साडेचोपन्नच्या आसपास. पण या सांध्याची किंमत प्लेटच्या अनेक पटींनी आहे.

पैशांचं बोलायलाच हवं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया आहेत, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असलं पाहिजे आणि कागद वेळेत गेले पाहिजेत. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठ्याचं एमजीएम हे मोठे आधार आहेत. खासगीत प्लेटची किंमत ही वेगळीच कथा. सरकारनं २०१७ मध्ये आधी स्टेंटच्या आणि मग गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. फ्रॅक्चरच्या प्लेटी आणि स्क्रूंना तशी मर्यादा नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आणि छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, एवढंच. पण मुळात छापील किंमत किती लिहायची हे कंपनीच्या हातात. देशी स्टील, देशी टायटॅनियम आणि परदेशी टायटॅनियम यांच्या बिलांत मोठी दरी असते. नातेवाइकांना ‘चांगल्यातलं टाका’ म्हणण्यापलीकडे काही सुचत नाही. टायटॅनियम टाकल्यानं या हाडात हात जास्त वर जातो असा ठोस पुरावा नाही, हे त्या क्षणी कुणी सांगत नाही. स्टीलची प्लेट असेल तर पुढे एमआरआय करता येणार नाही, ही भीतीही बहुतांशी निराधार आहे. आज वापरात असलेलं वैद्यकीय स्टील चुंबकाला जवळपास दाद देत नाही.

शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची, नंतरचं काम तीन-चार महिन्यांचं. आणि बहुतेक हात वाया जातात ते याच काळात. दुसऱ्या दिवसापासून करायचा पहिला व्यायाम कॉडमनच्याच नावाचा. टेबलाला चांगला हात टेकून कमरेत वाकायचं, मोडका हात मोकळा लोंबकळू द्यायचा आणि अंग डोलवून त्याला गोल फिरू द्यायचं. हात स्वतः काही करत नाही, वजनानं झुलतो. मग चांगल्या हातानं धरलेल्या छत्रीच्या काठीनं दुसऱ्याला वर ढकलणं, दारावरून टाकलेली दोरी, भिंतीवर बोटांनी चढणं. साधारण सहा आठवड्यांनी स्वतःच्या जोरावर हात उचलायला परवानगी, तीन महिन्यांनी ताकदीचे व्यायाम. भिंतीवर पेन्सिलीनं रोजची रेघ मारणारे रुग्ण चांगले होतात, असं फिजिओथेरपिस्ट सांगतात. रेघ वर सरकते त्यापेक्षा, रोज भिंतीपाशी उभं राहिलं जातं हे महत्त्वाचं.

आपल्या घरांत अडसर येतो तो मायेचा. सून म्हणते, आई, तुम्ही हात हलवूच नका. मुलगा झोळी आणखी घट्ट करून देतो. सहा आठवडे जपलेला खांदा मग गोठतो, आणि डॉक्टरांकडे तक्रार येते की प्लेट नीट बसली नाही. उलट चोळून घेणारेही आहेतच. महिन्याभरात बरं वाटलं म्हणून गावाकडे तेल लावून मालिश करवून घेतात. तरुण चालकाचं दुखणं वेगळं. त्याला दुसऱ्या महिन्यात गाडीवर परत जायचं असतं, कारण रोजगार बुडतो, आणि व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा येणं म्हणजे तीन दिवसांची मजुरी. कुठलाही फिजिओ त्याला खडे बोल सुनावू शकतो, पण मजुरीची भरपाई देऊ शकत नाही.

वर्षभरानं बरेच जण विचारतात, प्लेट काढायची का? टोचत नसेल, स्क्रू सांध्यात आला नसेल तर काढायचं कारण नसतं. थंडीत खांदा दुखतो म्हणून प्लेटला दोष देतात, पण झोळीत बरे झालेलेही थंडीत तेच सांगतात.

एवढं सगळं झाल्यावर डिस्चार्ज कार्डावर प्लेटच्या भोकांची संख्या असते, टाके काढायची तारीख असते, आणि बहुतेक वेळा हाडाच्या ठिसूळपणाबद्दल एक ओळही नसते. साठीनंतर उभ्या उंचीवरून पडून खांदा मोडला, तर ती हाडं विरळ झाल्याची सूचना आहे. पुढच्या वर्षभरात खुब्याचं हाड मोडण्याची शक्यता वाढलेली असते, आणि खुबा हा खांद्यापेक्षा फार मोठा शत्रू आहे. हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, रात्रीचा दिवा लावावा, न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी, झोपेच्या गोळ्या कमी करता येतात का हे डॉक्टरांना विचारावं. गरज असेल तर अलेंड्रोनेटची गोळी असते, आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही. या शेवटच्या अटीवर आमच्याकडच्या अर्ध्या गोळ्या बंद पडतात, कारण तो अर्धा तास नेमका चहाचा असतो. रविवार सोडून दुसरा कुठलाही वार निवडा आणि त्या दिवशी घरात चहा साडेसातला करा.